तव्यावरची मिश्री

(दृश्य: चूल, तवा, धूर)

तवा तापला की त्यावर तंबाखू पसरायची आणि हलवत राहायचं. आधी तांबूस, मग तपकिरी, मग काळीकुट्ट. कच्ची राहिली तर घशाला लागते, म्हणून घाई करायची नाही. गार झाल्यावर कुटायची, फडक्यानं गाळायची, डबीत भरायची. निपाणी-चिकोडीकडच्या कितीतरी घरांत ही डबी कोनाड्यात नाहीतर कनवटीला असते. सुरुवात सकाळी दात घासण्यापासून. मग जेवल्यावर, दाढ दुखली म्हणून, पोट साफ होत नाही म्हणून. दिवस गेलेत, मळमळतंय, तरीही मिश्रीच.

(दृश्य: वखार, चाळण्या)

ही निपाणीतली वखार. बाया पाला चाळतायत, कांड्या वेगळ्या काढतायत. तोंडाला पदर, पण हात उघडेच. या तंबाखूवर इथला बाजार उभा राहिला. 1981 साली भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले. त्याच काळात वखारीतल्या बायाही चिकोडी तालुका कामगार महासंघात एकत्र आल्या, मजुरीसाठी आणि मानानं वागवलं जावं म्हणून भांडल्या. त्या लढ्याची आठवण इथं अजून अभिमानानं काढतात, आणि काढायलाच हवी.

पण तंबाखू पोटातल्या बाळापर्यंत पोचते, हे त्यांना कुणी समजावून सांगायचं?

मिश्री हिरडीला लागली की निकोटीन रक्तात उतरतं. तंबाखूच्या ओल्या पानातून ते कातडीतूनही शिरतं. बाळाला आईशी जोडणारी वार त्याला अडवत नाही. गर्भजलात तर ते आईच्या रक्तापेक्षाही जास्त साठतं. बाळाच्या मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन पेशींना वाढीचे आणि जोडणीचे इशारे देत असतं. निकोटीन नेमकं त्याच्याच जागी जाऊन बसतं आणि अवेळी इशारे देतं. पुढं लक्ष एका ठिकाणी धरून ठेवायचं कामही याच रसायनाच्या भरवशावर चालतं.

(दृश्य: अंगणवाडी)

पोटुशेपणी तंबाखू चालू राहिली तर बाळ दिवस भरण्याआधी किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. आणि तसं झालं, तर शाळेत लक्ष टिकवायला त्याला जड जाण्याची शक्यता वाढते.

सगळा दोष निकोटीनचा नाही, हेही सांगितलं पाहिजे. धूम्रपान करणाऱ्या आयांच्या मुलांत चंचलता जास्त दिसते. पण स्वीडनमध्ये एकाच आईच्या मुलांची आपसात तुलना केली, तेव्हा हा संबंध बराच सैल पडला. घराण्यातून येणारं आणि घरच्या परिस्थितीतून येणारं त्यात मिसळलेलं असतं. म्हणून वर्गात चुळबुळणाऱ्या पोराच्या आईकडं बोट दाखवायचा अधिकार कुणालाही नाही.

(दृश्य: आशा ताई, तायी कार्ड)

तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईच्या नोंदींचं सरकारी कार्ड, भरताना ‘बिडी ओढता का’ एवढं विचारून भागत नाही. मिश्रीला इथं कुणी व्यसन धरतच नाही. तेव्हा सरळ विचारा: मिश्री दिवसातून किती वेळा लावता? वखारीत जाता का? आणि सासूसमोर विचारू नका. पोटुशा बाईला पाल्यापासून दूरचं काम मिळालं पाहिजे, तेही मजुरी न कापता. वखारमालकांनी यात टाळाटाळ करू नये.

सोडायची इच्छा असेल तर 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. कितवाही महिना असो, डबी बंद केली की बाळाकडं जाणारं निकोटीन त्याच आठवड्यात थांबतं.