सूप विणलं कुणी?

(दसरा. सिंधुदुर्गातलं गावदेवीचं देऊळ. ढोल-ताशे.)

सावंतवाडी-कुडाळकडच्या गावांत दसऱ्याला तरंग निघतात. उंच काठी, तिला गुंडाळलेली रंगीबेरंगी लुगडी, वर देवाचं चिन्ह. देवी कुठे सातेरी, कुठे भूमिका, कुठे माउली. काठी मात्र पुरुषाच्या हातात. अवसार येतो, म्हणजे अंगात देव संचारतो, तोही बहुतेक पुरुषाच्याच. गाऱ्हाणं घालणारे पुरुष, कौल लावून देवाचं उत्तर मागणारा गुरव, मानाचा नारळ मानकऱ्यांच्या घराण्यांत ठरलेल्या क्रमानं. देवी बाई, तिला नेसवलंय लुगडं, आणि तिच्या वतीनं बोलणारे सगळे बाप्ये. बायका कडेला, ओटीची ताटं घेऊन. धर्माचा अभ्यास करणारे या कडेच्या बायकांना कधी विचारतात का?

सातेरी म्हणजे वारूळ. लोकदैवतांचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांनी १९७८ सालच्या ‘लज्जागौरी’त या वारुळाचा माग भूमीच्या सर्जनशक्तीपर्यंत काढला. अभ्यास मोठाच आहे. पण त्या वारुळापुढे रोज दिवा कोण लावायचं?

(गाभाऱ्यातली समई. अंधार.)

दिवाबत्ती, झाडलोट ही दक्षिण कोकणातल्या कितीतरी देवळांत भाविणींची, म्हणजे देवाच्या सेवेला वाहिलेल्या बायकांची कामं होती. १८८० साली निघालेल्या रत्नागिरी-सावंतवाडीच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये त्यांच्याबद्दल नोंद आहे. नवऱ्याला सोडून यायचं ठरवलेली बाई रात्री देवळात जायची, देवापुढच्या दिव्यातलं तेल घेऊन स्वतःच्या डोक्यावर ओतायची. याला ‘देवळात रिघणं’ म्हणत. त्यानंतर ती देवाची.

नोंद अशी कोरडी. ती बाई घरातून का निघाली? मार असह्य झाला म्हणून, सवत आली म्हणून, की पोटाला मिळेना म्हणून? देवळात तिला मोकळा श्वास मिळाला, की नुसता धनी बदलला? तिच्या मुलीला पुढे निवड करता आली का? यातलं काही तिथे सापडत नाही. विचारायचं कुणाला तर तिलाच, आणि तिला कुणी विचारलेलं दिसत नाही. पुढे १९३४ साली मुंबई इलाख्यात देवाला मुली वाहण्याविरुद्ध कायदा झाला. तो गरजेचाच होता. पण कागदोपत्री ‘जमातीची चाल’ असलेली ही बाई आता ‘उद्धार करण्याची बाई’ झाली. बोलणारी झाली नाही. आज काही जण तिला बंडखोर ठरवतात, काही बिचारी. आम्हाला दोन्हींत घाई दिसते.

(चिपळूण. परशुरामाचा घाट.)

या घाटाच्या परिसरात, १८८० सालीच, पांडुरंग वामन काणे जन्मले. धर्मशास्त्राचा इतिहास त्यांनी पाच खंडांत लिहिला. पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा. पुढच्याच वर्षी भारतरत्न. माणूस सुधारकी मताचा होता. अडचण त्यांच्यात नाही, साधनांत आहे. स्मृतिग्रंथांत बाई भेटते ती नियमांच्या यादीत: तिनं काय नेसावं, विधवेनं काय खावं, कुठे झोपावं. नियम मोडून ती काय करत होती, हे पोथीत येत नाही.

तिकडे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याच्या घराण्यातल्या एका तरुणानं हेच नियम उलट बाजूनं वाचले. ९ मे १९१६. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातलं चर्चासत्र. पंचविशीतले भीमराव आंबेडकर जातीवर निबंध वाचतात. त्यांचं म्हणणं असं: जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावून. मग नवरा मेलेली बाई जातीची चौकट मोडेल, या भीतीनं सती आली, सक्तीचं वैधव्य आलं. आणि बायको मेलेल्या पुरुषाला जातीतच नवरी मिळावी, म्हणून तिच्या वयाची मर्यादा खाली गेली. म्हणजे जातीचं कुंपण बाईच्या देहावर उभं आहे. विद्यापीठांतून धर्माचा स्त्रीवादी अभ्यास सुरू व्हायला अजून अर्धशतक होतं.

(भाद्रपद. पाणवठा. डोक्यावर गौर घेऊन येणाऱ्या बायका.)

गणपतीबद्दल लिहिणारे पुष्कळ. गौर मात्र बायकांच्या ताब्यातली. ती पाणवठ्यावरून येते, तेरड्याच्या रोपांसकट. कोकणात कितीतरी घरांत तिला तिखटाचा नैवेद्य लागतो, म्हणजे मटण, कोंबडी. शेजारी गणपती उकडीचे मोदक खातो, मध्ये फार तर एक पडदा. कुठली स्मृती हे सांगेल?

पूर्वा नक्षत्रावर गौर आली की नव्या सुनेचा ओवसा. सुपांत फळं, भाज्या, पानं, नारळ मांडायचे, सुपं गौरीपुढे ओवाळायची, मग सासर-माहेरच्या मोठ्यांना द्यायची. बायकांचा हा सोहळा आनंदाचा आहे, यात शंका नाही. पण तो सवाष्णींचा. विधवा या रांगेत नसायची. आणि एक बाई रांगेतच काय, त्या अंगणातही नसायची: सूप विणणारी.

(बांबूच्या कामट्या. विणणारे हात.)

रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या उर्मिला पवार. त्यांची आई बांबूची आयदानं विणून घर चालवायची. सुपं, टोपल्या, रोवळ्या. ‘आयदान’ या २००३ सालच्या आत्मकथनात पवारांनी लिहिलंय, की गिऱ्हाइकांकडे आयदानं पोचवायला गेलं की बाहेर उभं करत, टोपल्यांवर पाणी शिंपडून मग आत घेत, पैसे वरून हातात टाकत. पाणी शिंपडणाऱ्यांत घरच्या बायकाही असणारच. म्हणून ‘बायकांचा धर्म’ असं सरसकट म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी. ओवशाचा अभ्यास सुनेला विचारून अर्धाच होतो.

पवारांनीच मीनाक्षी मून यांच्याबरोबर आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून काढलं, त्यांच्याशी बोलून सगळं लिहून घेतलं. ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ साली आलं. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृती जाळली गेली, ते सगळ्यांना ठाऊक. त्याच वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले, आणि दुसऱ्याच दिवशी कित्येकींनी लुगडं नेसायची जुनी, जात दाखवणारी तऱ्हा टाकली. धर्मातला बदल गुडघ्यावरून घोट्यापर्यंत आलेल्या निऱ्यांत घडतो, हे दप्तरातून कळायचं नाही.

१९५६ च्या बौद्ध धर्मांतरानंतर कोकणातल्या बौद्ध वाड्यांमधले देव्हारे उतरले. उतरवताना घरातली म्हातारी काय म्हणाली? उपास कुणी सोडले, कुणी गुपचूप चालू ठेवले? गौरीच्या दिवशी माहेरवाशीण आली तर तिला काय करून घातलं? तेव्हा लग्न होऊन नुकत्याच आलेल्या मुली आता नव्वदीला टेकल्यात. रेकॉर्डर आधी त्यांच्या ओटीवर न्यायला हवा.