तीन पानांचं घराणं

श्रोतेहो, नमस्कार. भातकापणी झाली की मळ्यातल्या ओलीवर आपण वाल, चवळी, कुळीथ टाकतो. त्याच कुळथाचं जुनं बी गोळा करायला मी एकदा दापोली तालुक्यातल्या एका वाडीत गेले होते. काकींनी माळ्यावरून गाडगं उतरवलं, तोंडावरचं शेण फोडलं आणि राखेसकट बी सुपात ओतलं. पाखडता पाखडता विचारलं, "ह्याचं करणार काय गो?"

म्हटलं, "मुगाच्या डीएनएत सापडलेल्या खुणा कुळथाला लागू पडतात का, ते बघायचंय."

काकी मला परड्यात घेऊन गेल्या. "पानं मोज." मूग, तीन. चवळी, तीन. वाल, तीन. कुळीथ, तीन. मग कोपऱ्यात हौसेनं लावलेला हरभरा दाखवला. एकेका देठाला बारीक दहा-बारा पानं. "हा देशावरचा पाव्हणा. बाकीची आमच्या घरची. बहिणीची चोळी बहिणीला येते, पाव्हणीला कशी यायची?"

प्रयोगशाळेत तेच दिसलं. मुगाचे मार्कर, म्हणजे त्या खुणा, चवळीत सहज चालले, दोघं एकाच विग्ना गटातले (जीनस). कुळथात त्याहून कमी चालले, हरभऱ्यात मोजकेच. म्हणजे नातं जवळचं असेल तितक्या जास्त खुणा चालतात.

ही खूण म्हणजे डीएनएमध्ये जीए, जीए, जीए अशी पुन्हापुन्हा येणारी अक्षरं. एका वाणात दहा वेळा, दुसऱ्यात चौदा वेळा. तिच्या दोन्ही बाजूंची अक्षरं जुळली तरच प्रायमर, म्हणजे खूण शोधणारा डीएनएचा आखूड तुकडा, चिकटतो आणि जेलवर, म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर, पट्टा उमटतो. पण नुसता पट्टा पुरत नाही, दोन वाणांत तो वेगळा दिसला तरच निवडीला उपयोग.

मुगाचा जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएचा आराखडा, 2014 साली प्रसिद्ध झाला, चवळीचा 2019 साली. कुळीथ-वालावर त्या मानानं कमी काम झालंय, म्हणून मुगाच्या खुणांची ही उसनवारी मोलाची. आणि हो, लग्नाच्या पंगतीत पनीर आलं नि बिरडं गेलं, याचं मला फार वाईट वाटतं. मोड आलेले वाल सोलायला घर एकत्र बसायचं, ते बसणंही गेलं.

निकाल सांगायला गेले तेव्हा काकींनी एवढंच विचारलं, "नि माझ्या कडव्या वालाचं?" ते बी आता माझ्या टेबलावर आहे, राखेसकट. पुढच्या आठवड्यात लावतेय.