आकडा मोठा, उरतं किती?

मघाशी चहाच्या वेळी एका गृहस्थांनी मला गाठलं. "मुलाला दोन ऑफर आहेत. सॅन फ्रान्सिस्कोची सिएटलपेक्षा पंधरा हजार डॉलरने जास्त आहे. डोळे मिटून घ्यावी ना?" म्हटलं, भाषणातच सांगतो.

आकडे आपण सोयीचे धरू. सिएटल 1,65,000, सॅन फ्रान्सिस्को 1,80,000. मुलगा अविवाहित. सिएटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, ते अशा पगारावर आयकर घेत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचं राज्य कॅलिफोर्निया घेतं, या पगाराच्या वरच्या टप्प्याला 9.3 टक्के, आणि सगळं मिळून वर्षाला 13,000 डॉलरच्या आसपास. शिवाय जास्तीच्या पंधरा हजारांवर केंद्राचा 24 टक्के कर, म्हणजे 3,600. करा बेरीज. पंधरा हजार तर गेलेच, वर दीडेक हजार पदरचे. आणि भाड्याचं अजून नावही काढलेलं नाही! (हशा)

आता भाडं. तिकडची घरं महाग का, तर पगार जास्त म्हणून, असं आपण पटकन म्हणतो. मग सिएटलला काय कमी पगार आहेत? ॲमेझॉन तिथलीच, मायक्रोसॉफ्ट शेजारच्या रेडमंडची. सिएटलही स्वस्त नाहीच. पण 2019 मध्ये तिथल्या महापालिकेने 27 वस्त्यांमध्ये जास्त उंच बांधायला परवानगी दिली. बदल्यात बिल्डरने परवडणारी घरं द्यायची, नाहीतर पैसे भरायचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास मात्र मैलोन्‌मैल एकेका कुटुंबाचे बंगलेच. म्हणजे घरं थोडी आणि महाग. इतकी की 2018 मध्ये अमेरिकी सरकारच्या गृहनिर्माण खात्याने तिथल्या चौघांच्या कुटुंबाला 1,17,400 डॉलर उत्पन्नापर्यंत 'कमी उत्पन्न' गटात टाकलं.

त्यात भर 'प्रपोझिशन 13'ची, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1978 मध्ये मंजूर केलेल्या मालमत्ता कराच्या नियमाची. मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्का, आणि घर विकलं जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला दोन टक्क्यांच्या वर वाढवायचं नाही. समजा, कुणी 1980 ला एक लाखात घर घेतलं. आज त्याचं करपात्र मूल्य फार तर अडीच लाख, कर अडीच हजार. शेजारी तसंच घर कालपरवा पंधरा लाखांना घेणाऱ्याला पंधरा हजार. एकच गल्ली, तेच खड्डे! म्हातारा घर विकेल कशाला?

तुम्हाला हे ओळखीचं वाटत असेल. 1947 च्या भाडे कायद्याने मुंबईत भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली, आणि गिरगावात पागडीची खोली सोडायला कोणी तयार होईना. आधी आलेला सुखात, नंतर आलेल्याने लांबच्या लोकलने यायचं. कायदे वेगळे, माणसाचं वागणं तेच.

म्हणून ऑफर आली की मी पगाराच्या आधी विचारतो, तिथे राहायला कुठे आहे? कोथरूडला वडिलांचा फ्लॅट असलेल्या पोराला हिंजवडीतली नोकरी आणि बांद्रा-कुर्ला संकुलातली नोकरी, यांची तुलना नुसत्या पॅकेजवर होत नाही. एकीकडे भाडं शून्य, फार तर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आयुष्य जाईल. दुसरीकडे पहिल्याच महिन्यात डिपॉझिट, दलाली आणि अकरा महिन्यांचा करार.

त्या गृहस्थांना माझा एकच प्रश्न: सॅन फ्रान्सिस्कोत एखादी मावशी आहे का?