वेगा बेटांवरचे पाखरू

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यालगत, आर्क्टिक वृत्ताच्या किंचित दक्षिणेला, वेगा या बेटाभोवती हजारो लहान बेटे आणि खडक विखुरलेले आहेत. युनेस्कोने २००४ साली जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या या सुमारे १,०३७ चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात जमीन जेमतेम ६९ चौरस किलोमीटर आहे. बाकी सारा समुद्र. इथल्या माणसांचे पोट मासेमारीवर, थोड्याफार शेतीवर आणि एडर नावाच्या एका रानबदकावर चालत आले.

रानबदक हा शब्द इथे नेमका लागू पडतो, कारण या पाखराला कोणी पिंजऱ्यात ठेवत नाही की दाणा घालत नाही. वसंतात मादी किनाऱ्यावर येते, त्याआधीच दगडांच्या आणि वाहून आलेल्या लाकडांच्या खोप्या डागडुजी करून, आत वाळवलेले समुद्री शेवाळ अंथरून तयार असतात. त्यावर ती स्वतःच्या छातीची मऊ पिसे पसरते आणि सुमारे पंचवीस दिवस अंड्यांवरून क्वचितच उठते. तेवढा काळ बेटावर आरडाओरडा नसतो, अनोळखी माणसाला मज्जाव असतो आणि राखण करणारे रोज तेच कपडे घालतात. कोणी कोणाला माणसाळवले, हा प्रश्न मग साहजिकच पडतो.

राखणीचे हे काम मुख्यतः बायकांचे. पुरुष मासेमारीला गेलेले असत. गरुड, कावळे आणि पाणमांजरे यांच्यापासून घरटी त्या सांभाळत आणि मादी पिल्ले घेऊन पाण्यात गेली की मागे राहिलेली पिसे गोळा करत. शेवाळाच्या काड्या अडकलेली ही पिसे तारा ओढलेल्या लाकडी चौकटीवर ठेवून काठीने तारा छेडत राहायचे, म्हणजे कचरा खाली गळतो आणि एकमेकांत गुंतलेली पिसे वर राहतात. आपल्या पिंजाऱ्याच्या धनुकलीसारखेच हे काम. एका दुलईला साठ-सत्तर घरट्यांतली पिसे लागतात, तेव्हा तिची किंमत भारी असणारच. नवव्या शतकापासून ही बेटे या पिसांसाठी प्रसिद्ध आहेत.

पुढे मुख्य भूमीवरील सोयींमुळे आणि सरकारी स्थलांतर अनुदानामुळे बाहेरची बेटे ओस पडली, आणि राखण थांबली तिथली बदकेही घटली. लोनानसारख्या मोजक्या बेटांवर मात्र काही कुटुंबे अजूनही हंगामापुरती परततात, शेवाळ वाळवतात आणि खोप्या शाकारतात.