दरड का कोसळते आणि आता जास्त का कोसळेल

ही भिंत बघा. विक्रोळीचा डोंगर, गल्ली इतकी अरुंद की समोरून कोणी आलं तर छत्री मिटावी लागते. भिंतीत ओळीने भोकं आहेत ना, ती मागच्या मातीतलं पाणी बाहेर पडावं म्हणून ठेवलेली असतात. यातली तीनच वाहतायत, बाकीची चिखल आणि प्लास्टिकने बुजलीयत. बघून पोटात गोळाच आला माझ्या.

कारण दरडीचा सगळा खेळ पाण्याचा आहे. मुंबईचे बरेचसे डोंगर बेसॉल्टचे, खाली पक्का कातळ आणि वर झिजून झालेला मुरूम, माती. पाऊस मुरत मुरत कातळापर्यंत जातो, तिथे अडतो, मग ते पाणी मातीच्या कणांमध्ये दाबाने भरतं, कणांची एकमेकांवरची पकड सुटते, वर मातीचं वजनही वाढलेलं, आणि अख्खा थर कातळावरून घसरत खाली येतो. म्हणून दोन-तीन दिवस झड लागलेली असताना वर जोराची सर आली की जास्त भीती. त्यात आपण रस्त्यासाठी, घरासाठी पायथा कापतो, म्हणजे डोंगराचा टेकाच काढून घेतो. झाडं गेली की मुळांची पकड गेली, आणि वरच्या वस्तीला गटार नसलं की सांडपाणी बारा महिने आत मुरतं.

१८ जुलै २०२१ ला, मध्यरात्र उलटल्यावर, चेंबूरच्या भारत नगरात भिंत झोपलेल्या घरांवर आली, त्याच रात्री इथे विक्रोळीतही. दोन्हीकडे मिळून पंचवीसच्या वर माणसं गेली. त्याआधी २०१४ ला माळीण, नंतर २०२३ ला इर्शाळवाडी.

आणि पाऊस बदललाय. हवा १ अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, अरबी समुद्रही तापतोय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० पासून मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्यात. डोंगर तोच, पण त्याला एका दिवसात जिरवावं लागणारं पाणी वाढलं.

डोंगराखाली राहत असाल तर भोकातून येणारं पाणी बघत जा. अचानक गढूळ झालं, किंवा भर पावसात वाहतं भोक कोरडं पडलं, अंगणात नवीन चीर दिसली, दार चौकटीत अडकायला लागलं, विजेचा खांब कलला, तर सामानाकडे बघू नका, रात्रीचे कितीही वाजलेले असू देत, शेजाऱ्यांना उठवा आणि पोराबाळांना घेऊन तिथून लांब जा.