यंत्राने फवारलेले बाहेरचे प्लास्टर: दोष कोठे जन्मतात आणि दुरुस्ती कोठपर्यंत करायची

नमस्कार. माझ्यामागच्या या भिंतीवर यंत्राने प्लास्टर फवारले त्याला आज बारा दिवस झाले. दुपारी बाराच्या उन्हात ही भिंत पाहिली असती, तर तिच्यात नाव ठेवण्यासारखे काही आढळले नसते. आता संध्याकाळचे ऊन भिंतीला घासून जात आहे, म्हणून जरा जवळून पाहा. वीत-दीड वीत अंतरावर आडवे पट्टे उमटले आहेत, खिडकीच्या कोपऱ्यातून केसासारखी एक तिरकी भेग निघाली आहे, आणि माझ्या बोटाखाली ओला माल घसरून तयार झालेला फुगवटा आहे. अशा वेळी बहुतेक ठिकाणी तिन्हींवर एकच उपाय होतो, तो म्हणजे वरून पुट्टीचा हात मारून रंग देणे. माझा या पद्धतीला ठाम विरोध आहे, कारण दोष ज्या थरात जन्मला त्या थरापर्यंत दुरुस्ती पोहोचली नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात तो पुन्हा वर येतो.

प्रथम पट्ट्यांविषयी. नोझल, म्हणजे माल बाहेर फेकणारे पाइपचे तोंड, भिंतीशी काटकोनात आणि साधारण 20 ते 30 सेंटिमीटर अंतरावर धरावा लागतो. कारागीर एका जागी उभा राहून केवळ मनगट फिरवत गेला, तर मध्यभागी जाड आणि दोन्ही टोकांना पातळ थर बसतो. म्हणून हात न वळवता पाऊल उचलून पुढे सरकायचे आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवायचा. परंतु पट्ट्यांचे दुसरे कारण पुष्कळदा लक्षातच येत नाही, आणि ते म्हणजे पाणी. माल सतत कालवणाऱ्या यंत्राला ठरावीक दाबाचे पाणी अखंड लागते. इमारतीच्या त्याच नळावरून कोणी बादल्या भरू लागले की दाब पडतो, माल घट्ट होतो, आणि दाब परत आला की पातळ होतो. हा फरक भिंतीवर जसाच्या तसा छापला जातो. यंत्रासाठी स्वतंत्र पिंप आणि छोटा पंप ठेवला, तर हा त्रास जवळजवळ संपतो.

फुगवटा किंवा ओघळ येण्यामागे बहुधा दोन चुका असतात: एकाच फेरीत जाड थर चढवण्याची घाई, किंवा माल पाइपमधून सहज यावा म्हणून त्यात वाढवलेले पाणी. बाहेरचे 20 मिलिमीटर प्लास्टर दोन थरांत करावे, पहिला साधारण 12 ते 15 मिलिमीटरचा आणि उरलेला दुसरा, ही आपल्याकडची जुनी रीत यंत्र आले म्हणून रद्द होत नाही. पहिला थर खरबरीत ठेवावा, म्हणजे दुसऱ्याला धरायला जागा मिळते. माल ओला असताना घसरला, तर तो रंध्याने, म्हणजे प्लास्टर सपाट करण्याच्या फळीने, दाबून परत वर चढवू नये, कारण त्याची भिंतीवरची पकड सुटलेली असते. तेवढा भाग थापीने पूर्ण काढावा आणि नव्याने फवारावा.

येथे एका सवयीविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. पृष्ठभाग जास्त ओला राहिला की काही गवंडी त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरतात आणि रंध्याने घोटतात. भिंत लगेच गुळगुळीत दिसते, मालकही खूश होतो. प्रत्यक्षात वर सिमेंटची एक पातळ, कडक साय तयार झालेली असते. ती खालच्या थरापेक्षा जास्त आकसते आणि थोड्याच दिवसांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसू लागतात. अति घोटल्यानेही हेच होते. अंगठा हलकेच दाबून पाहावा: ठसा उमटतो पण माल बोटाला चिकटत नाही, ही रंधा फिरवण्याची वेळ.

आता खिडकीजवळची ती तिरकी भेग. तिचा संबंध फवारणीपेक्षा भिंतीशी अधिक आहे. खिडकी-दारासाठी भिंतीत सोडलेल्या जागेच्या कोपऱ्यांत ताण एकवटतो, आणि काँक्रीटचा कॉलम व विटांची किंवा हलक्या ब्लॉकची भिंत जेथे मिळतात, तेथे दोन वेगवेगळी द्रव्ये उष्णतेने वेगवेगळी प्रसरण पावतात. म्हणून अशा सांध्यांवर दोन्ही बाजूंना 150 मिलिमीटर जाईल अशी जाळी आधीच बसवावी लागते. काँक्रीटवर राहिलेले शटरिंगचे (ओतकामाच्या साच्याचे) तेल तारेच्या ब्रशने काढणे, माल धरावा म्हणून काँक्रीटला टाचे मारून ते खरबरीत करणे आणि भिंत बेताची ओलसर करणे, ही कामे यंत्र करीत नाही. हलके ब्लॉक कोरडे राहिले तर मालातले पाणी शोषून घेतात. त्यांना पाण्याने चिंब केले, तर पुढे ते वाळताना आकसतात.

ऊनही विचारात घ्यायला हवे. पश्चिमेची भिंत सकाळी आणि पूर्वेची दुपारनंतर फवारावी, म्हणजे माल सावलीत बसतो. दुसऱ्या दिवसापासून किमान सात दिवस पाणी मारावे. एप्रिल-मे महिन्यांत दिवसातून दोनदा पाइप फिरवून भागत नाही. ओले गोणपाट टांगलेलेच बरे. गेल्या उन्हाळ्यात एका चार मजली इमारतीवर मी स्वतः हे पाहिले: खालचे दोन मजले गोणपाटाखाली होते, वरच्या दोघांना केवळ पाइपचे पाणी मिळत होते, आणि पंधरा दिवसांनी भेगा वरच्या दोन मजल्यांवरच होत्या.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी संपूर्ण भिंत ठोकून पाहा. हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोकले की चांगले प्लास्टर खणखणीत वाजते आणि सुटलेले बद्द आवाज करते. जेथे आवाज बद्द येतो, तेथे खडूने रेघ मारत जा. ही खूण दिसणाऱ्या भेगेपेक्षा बरीच मोठी निघते, असा माझा नेहमीचा अनुभव आहे. त्या खुणेच्या थोडे बाहेरून कटरने चौकोन कापा, सुटलेला भाग भिंतीपर्यंत काढा, धूळ झटका, ओलसर करा, नवा माल जुन्याला चिकटावा म्हणून बाँडिंगच्या द्रावणाचा हात द्या आणि पुन्हा दोन थरांत भरा. कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे चांगला मास्क अत्यावश्यक आहे.

ठोकल्यावर खणखणीत वाजणारी, परंतु जाळीदार भेगा असलेली भिंत पाडण्याची गरज नाही. वरची कच्ची साय घासून काढावी आणि भेग झाकून ताणली जाणारी बाहेरच्या रंगाची प्रणाली वापरावी. रुंद भेग मात्र इंग्रजी व्ही आकारात उकरून, पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरावी. पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, आला असेल, तर तो कोरड्या ब्रशने झाडावा आणि पाणी कोठून येते ते आधी शोधावे. पाणी भिंतीकडे न येता खाली गळावे म्हणून छज्ज्याच्या खालच्या बाजूला ठेवलेली खाच बुजलेली असणे, हे कारण वारंवार सापडते.

शेवटची अडचण थिगळाची. भरलेला चौकोन कितीही सफाईने केला, तरी फवारलेल्या पोताच्या मधोमध तो दिसतोच. म्हणून शेवटचा पातळ थर केवळ चौकोनावर न मारता प्लास्टरमध्ये पाडलेल्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत, किंवा कोपऱ्यापासून छज्जापर्यंत, अशा पूर्ण पट्ट्यावर मारावा, आणि तो शक्यतो त्याच कारागिराने, त्याच नोझलने मारावा. हे काम चालू असतानाच, माल ओला असताना, भिंतीला चिकटवून टॉर्च धरा. संध्याकाळच्या उन्हात जे दिसले असते ते त्या टॉर्चमध्ये लगेच दिसते, आणि तेव्हा ते थापीने सुधारता येते.