हॉस्पिस म्हणजे माहेर

नमस्कार. माईक येतोय ना मागे? विषयाचं नाव ऐकून निम्मे लोक येणार नाहीत असं मला वाटलं होतं. तरी एवढे आलात, म्हणजे बाहेर पाऊस तरी असणार किंवा मग बटाटेवड्याची बातमी फुटली असणार. असो.

मी एकोणतीस वर्षं मुलांच्या वॉर्डात सोशल वर्कर होते, हॉस्पिटलचं नाव राहू द्या. हॉस्पिस म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना सांभाळणारी जागा. पण नाव काढलं की लोक म्हणतात, म्हणजे मरायला ठेवतात ती जागा ना? माझं सगळं भांडण या वाक्याशी आहे. जगातलं पहिलं मुलांचं हॉस्पिस १९८२ साली ऑक्सफर्डला सुरू झालं, हेलन हाऊस, आठ मुलांपुरतं. ते सुरू कशामुळे झालं? हेलन नावाच्या छोट्या मुलीला ब्रेन ट्युमर झाला, आईवडील घरीच तिचं सगळं करत होते, आणि सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका, ह्या नन पण होत्या आणि मुलांच्या नर्स पण, त्या म्हणाल्या अधूनमधून मी सांभाळते तिला, तुम्ही जरा झोपा. बस्स. याला आपल्याकडे शब्द आहे की, माहेरपण! आई म्हणते ना, दे ते पोर इकडे आणि पड जरा.

आता एक गोष्ट सांगते, लांबेल थोडी. आमच्याकडे एक बाळ होतं, एडवर्ड्स सिंड्रोम, म्हणजे अठरावं गुणसूत्र दोनच्या ऐवजी तीन. हृदयाला भोक, दूध ओढता येत नाही, नाकातून नळी. अशी बहुतेक बाळं वर्षाच्या आत जातात. मुठी घट्ट मिटलेल्या, त्यात पहिलं बोट मधल्या बोटावर चढलेलं, त्यामुळे आजीने आणलेली बिंदली त्या मुठीवरून जाईना. आणि फाईलवर नाव काय, तर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. महिना होत आला तरी तेच, सगळ्यांना वाटायचं आता नाव कशाला ठेवायचं, उगाच जीव गुंततो. अहो, नऊ महिने गुंतलाच होता की जीव!

मी आजीला म्हटलं, बारसं करू. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत बोललेच नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्टीलच्या डब्यात घुगऱ्या घेऊन हजर! आत्या गावाला, मग आमच्या वॉर्डातल्या आयाबाई आत्या झाल्या, एरवी सगळ्यांवर खेकसणाऱ्या त्या बाई बाळाच्या कानात इतक्या हळू कुर्रर्र म्हणाल्या की मॉनिटरच्या बीप-बीपमध्ये ऐकूच येईना, तर सिस्टरनी आवाज बारीक केला, मग पाठीत धपाटे. आईला मी पहिल्यांदा हसताना बघितलं. डॉक्टरांनी दारातून पाहिलं, काही बोलले नाहीत, मूठभर घुगऱ्या घेऊन गेले. अकरा दिवसांनी बाळ गेलं. पण नाव घेऊन गेलं.

(हो हो, दिसली चिठ्ठी. दहा मिनिटं? बरं, पाच.)

एक कबुली देते. नोकरीच्या पहिल्या वर्षी अशाच एका आईला मी म्हटलं होतं, तरुण आहात, दुसरं होईल. ती काही बोलली नाही, नुसती पदर सारखा करत बसली. दूध आलेलं होतं तिला. बाळ गेलं तरी दूध येतंच, आणि ते कसं कमी करायचं, गच्च झालेल्या छातीवर थंड पट्ट्या कशा ठेवायच्या, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी पण नाही.

तर हॉस्पिस काय करतं, पटापट सांगते, आजच्या भाषणाच्या जाहिरातीत हेच छापलंय ना. दुखणं थांबवतं, बाळांनाही मॉर्फिन देतात, तोंडाने, थेंबाच्या हिशोबात, घाबरायचं कारण नाही. नळीने दूध कसं द्यायचं, फिट आली तर काय करायचं हे आईबापांना शिकवतं, म्हणजे घरी नेता येतं. घरातल्या मोठ्या भावंडाला खरं सांगायला मदत करतं, नाहीतर ते पोर समजतं माझ्यामुळेच झालं. बाळाच्या हातापायाचे ठसे घेतात. बापाशी कोणीतरी बोलतं, तो बिचारा मेडिकल स्टोअरच्या रांगेतच असतो. ब्रिटनमधल्या बऱ्याच हॉस्पिसमध्ये एक थंड खोली असते, बाळ गेल्यावर काही दिवस त्याला तिथे ठेवतात, आईला हवं तितकं बसता येतं. आपल्याकडे दोन तासात उचलतात, तान्ह्या बाळाला पुरतात, आईला नेत नाहीत, दहावं नाही तेरावं नाही, आणि महिन्याभराने सगळे म्हणतात आता सावर.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही हां. बांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, ते मोठ्यांचं. मुलांसाठी सायनला हॅपी फीट होम २०१४ ला आलं. आणि डॉ. आर्मिडा फर्नांडिस, ज्यांनी १९८९ साली सायन हॉस्पिटलात आईच्या दुधाची बँक सुरू केली, त्यांनीच पुढे मुलगी कॅन्सरने गेल्यावर तिच्या नावाने पॅलिएटिव्ह केअर सेंटर काढलं, म्हणजे आजार बरा होणारा नसला तरी दुखणं, त्रास कमी करणारं केंद्र. पण अगदी तान्ह्या बाळांसाठी जागा विचाराल तर हाताच्या बोटांवर... बरं बरं, थांबते, वडे गार होतायत म्हणे. मागच्या काकूंचा हात मघापासून वर आहे. बोला काकू, माईक द्या हो कोणीतरी त्यांना.